घंटा गेल्या, श्रद्धा राहिली



ज्युबिलीच्या पुस्तिकेंत आनंदाच्याच गोष्टी लिहाव्या, असा प्रघात आहे. देवळाची पायाभरणी, पहिला मिस्साबलि, शाळेची वाढ, उपकारकर्त्यांचीं नांवें, हें सर्व लिहिणें योग्यच होय. आम्हीं मात्र इतिहासाचें एक निराळें पान उघडण्याचें योजिलें आहे. देव जवळ आहे असें वाटत असतां श्रद्धा बाळगणें सोपें असतें. परंतु ज्या काळीं देवाचें मंदिर ओस पडलें, त्याचे सेवक निघून गेले आणि प्रार्थनेस उत्तर येईना, त्या काळीं श्रद्धाळूंनीं काय केलें? हा प्रश्न केवळ इतिहासाचा नव्हे. ज्यांच्या घरांत महापुराचें पाणी शिरलें, ज्यांचीं माणसें साथींत गेलीं, त्यांनीं तो आम्हांस विचारिला आहे. आणि त्यांपैकीं कांहींजण रविवारीं मिस्सेस येईनासे झाले आहेत. त्यांस मनांत धरूनच आम्ही हें लिहीत आहों.

वाईपासून अवघ्या कांहीं किलोमीटरांवर कृष्णेच्या कांठीं मेणवली नांवाचें गांव आहे. नाना फडणविसांचा वाडा व त्यामागील दगडी घाट यांमुळें तें प्रसिद्ध आहे. त्या घाटावर एका लहानशा दगडी घुमटींत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तीवर १७०७ हें साल असून बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरीयेची आकृति ओतलेली आहे. ही घंटा मूळची वसईकडील एका ख्रिस्तमंदिराची. नाशिकास नारोशंकराच्या देवळांत १७२१ सालाची, व भीमाशंकरास १७२९ सालाची, अशाच तिच्या भगिनी आहेत. आपल्या सातारा जिल्ह्यांतील पुष्कळ कॅथॉलिकांनीं मेणवलीची ही घंटा पाहिली असेल. परंतु ती ज्या मनोऱ्यावरून उतरविली गेली, त्या मनोऱ्याखालीं उभ्या राहिलेल्या लोकांचें पुढें काय झालें, हें विचारणारे थोडेच.

वसई व तिच्या आसपासचा मुलूख गुजराथच्या बहादुरशहाकडून १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं आला. पुढें दोनशें वर्षांवर त्यांचें राज्य तेथें चाललें. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांचे मठ व चर्चें उभीं राहिलीं, आणि किनाऱ्यावरील शेतकरी, बागाईतदार व कोळी यांच्यांत ख्रिस्ती धर्म रुजला. त्या राज्यानें हिंदु रयतेच्या पूजाअर्चेवर जाचक बंधनें घातलीं, हेंही खरें आहे, आणि तें सांगितल्यावांचून इतिहास प्रामाणिक होत नाहीं. मराठ्यांनीं उत्तर कोंकणावर जी स्वारी केली, तिच्या अनेक कारणांत हें एक कारण होतें. तेव्हां साताऱ्याच्या गादीवर छत्रपति शाहूमहाराज होते, आणि पहिल्या बाजीराव पेशव्यांचे बंधु चिमाजी आप्पा मोहिमेचे सेनापति होते. १७३७ सालीं साष्टी पडली. वसईच्या किल्ल्यास दीर्घ व रक्तमय वेढा पडून १७३९ च्या मे महिन्यांत किल्ला शरण आला. सैन्य, सरदार व धर्मसंघांचे लोक यांस सन्मानानें बाहेर जाऊं देण्यांत आलें. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस धर्माचरणाची मोकळीकही मिळाली. विजयाचें चिन्ह म्हणून घंटा मात्र घाट चढून देशावर आल्या.

आतां त्या मागें राहिलेल्यांची स्थिति मनांत आणून पाहावी. दोन शतकें त्यांस असें शिकविण्यांत आलें होतें कीं, देवाचें वैभव म्हणजे हे उंच मनोरे, ही वाद्यें, ह्या मिरवणुकी. ज्या राज्याच्या छायेंत हें वैभव वाढलें, तें राज्य एका उन्हाळ्यांत नाहींसें झालें. मठ रिकामे पडले. किल्ल्यांतील भव्य चर्चांच्या भिंती आजही छपरावांचून उभ्या आहेत. ज्यांनीं बाप्तिस्मा दिला, लग्नें लाविलीं, मेलेल्यांवर माती टाकिली, ते पाद्री गलबतांतून गेले. "आपला देव हरला" असें त्या लोकांस वाटलें नसेल काय? वाटलें असल्यास नवल नाहीं. कांहीं कुटुंबें पूर्वजांच्या धर्मांत परत गेलीं. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

परंतु पुष्कळ राहिले. जहाजांत बसून जाण्याची सोय त्यांस नव्हती. तीं शेतें, त्या वाड्या, तो समुद्र हेंच त्यांचें घर. त्यांच्यासाठीं गोंव्याकडील देशी धर्मगुरु, संख्येनें थोडे व साधनांनीं दरिद्री, सेवा करीत राहिले. जेथें ते पोंचत नसत, तेथें घरच देऊळ होत असे. संध्याकाळीं दिवा लागला कीं जपमाळ, उपासाच्या दिवशीं उपास, वाटेवरच्या क्रुसापाशीं घटकाभर थांबणें, मरणाऱ्याच्या उशाशीं बसून प्रार्थना, एवढी शिदोरी ज्यांच्या हातीं उरली, त्यांनीं ती खालीं ठेविली नाहीं. इंग्रजांचा अंमल कायमचा बसेपर्यंत सुमारें ऐशीं वर्षें लोटलीं. म्हणजे ज्यांनीं घंटा ऐकिली होती ते वारले, त्यांचीं मुलें वृद्ध झालीं आणि नातवंडांनीं ती केवळ गोष्टींत ऐकिली. तरीही श्रद्धा नातवंडांच्या हातीं पोंचली.

या कथेला जोडून आणखी एक कथा सांगणें अवश्य आहे, कारण ती वसईच्याच एका पुत्राच्या नांवाशीं गुंफलेली आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईस झाला. ते जपानांत गेले, फ्रान्सिस्कन बंधु झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें आणखी पंचवीस जणांसह क्रुसावर भाल्यांनीं मारिले गेले. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. १६४४ सालीं देशांतील शेवटच्या धर्मगुरूनेंही रक्तसाक्ष दिली. त्यापुढें दोनशें वर्षांवर त्या देशांत ना मिस्सा होती, ना पापनिवेदन, ना धर्मगुरूचा हात. नागासाकीच्या परिसरांतील शेतकरी व कोळी यांनीं मग काय केलें? त्यांनीं आपल्यांतूनच एकास बाप्तिस्मा देण्याचें काम सोंपविलें, दुसऱ्यास सणावारांचें पंचांग सांभाळण्याचें, आणि प्रार्थना तोंडपाठ करून बापानें मुलास दिली. शब्द झिजले, अर्थ धूसर झाला, पण परंपरा तुटली नाहीं.

१८६२ सालीं त्या सव्वीस हुतात्म्यांस संतपद मिळालें व त्यांच्याच स्मरणार्थ नागासाकीस ओउरा येथें एक चर्च उभें राहिलें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी गांवचीं कांहीं माणसें त्या चर्चांत आलीं. त्यांतील एका स्त्रीनें फादर पेतीजाँ यांच्या कानाशीं येऊन आपलें व त्यांचें अंतःकरण एकच असल्याचें सांगितलें, आणि पवित्र मरीयेची मूर्ति कोठें आहे, असें विचारिलें. सात पिढ्यांनंतर त्यांस धर्मगुरु दिसला, आणि तोही अशा मंदिरांत, कीं जें ज्यांच्या नांवें उभें होतें त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो होते. त्या लोकांची परीक्षा तेथेंही संपली नाहीं. लगेच पुन्हां छळ झाला, तीन हजारांवर माणसें हद्दपार झालीं, आणि १८७३ सालीं बंदी उठली तेव्हां तीं परतलीं. त्यांनीं बांधलेलें उराकामीचें भव्य मंदिर ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें भस्म झालें व त्या धर्मग्रामांतील हजारों माणसें मेलीं. त्या ढिगाऱ्यांतून एक घंटा शाबूत निघाली. त्याच वर्षीं ख्रिस्तजन्माच्या पूर्वरात्रीं ती राखेवर उभारून वाजविण्यांत आली. दुसरी घंटा फुटली होती. तिच्या जागीं अमेरिकेंतील कॅथॉलिकांनीं, म्हणजे ज्यांच्या देशानें तो बाँब टाकिला त्यांनीं, वर्गणी करून दिलेली नवी घंटा २०२५ सालीं वाजूं लागली.

असा काळ आपल्या पुणें धर्मप्रांतावरही येऊन गेला आहे. सातारा व सांगली हे जिल्हे ज्या धर्मप्रांतांत मोडतात, तो १८८६ सालीं स्थापन झाला, आणि त्याची जोपासना प्रामुख्यानें जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनीं केली. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि हे धर्मगुरु एकाएकीं शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांस नजरकैदेंत ठेवून पुढें स्वदेशीं परत धाडण्यांत आलें. बिशप हेन्री डोरिंग युद्धकाळांत आपल्या कळपाकडे परतूं शकले नाहींत. १९२१ सालीं त्यांची नेमणूक झाली ती जपानांतील हिरोशिमा येथें. पुण्यास ते १९२७ सालीं परत आले. मध्यंतरीं मेंढरें होतीं, मेंढपाळ दूर होता. मोजक्या धर्मगुरूंच्या खांद्यावर मोठा मुलूख पडला. अशा वेळीं धर्मशिक्षक, धर्मभगिनी आणि घरोघरच्या आया यांचें मोल कळून येतें. त्यांचीं नांवें कोणत्याही शिलेवर कोरलेलीं नाहींत. परंतु आज आपण ज्युबिली साजरी करितों त्यांत त्यांचा वांटा आहे.

येथवर जें सांगितलें तें बाहेरचें निर्जनपण झालें. देऊळ गेलें, घंटा गेली, पाद्री गेला. याहून कठीण असें एक निर्जनपण असतें. देऊळ उभें असतें, घंटा वाजत असते, मिस्सा रोज होत असते, आणि तरीही गुडघे टेकलेल्या मनुष्यास आंत कोणीच नाहीं असें वाटतें. अशा मनुष्यास वाटतें कीं, आपली श्रद्धा मेली, आपण ढोंगी झालों, आतां मंदिरांत जाण्यांत अर्थ नाहीं. त्यास आम्ही दोन नांवें सांगूं इच्छितों.

पहिलें नांव लिझ्यूची संत तेरेजा. १८९६ च्या ईस्टरपासून १८९७ च्या सप्टेंबरांत क्षयानें मरेपर्यंत या तरुण कार्मेलाइट भगिनीच्या मनांतून स्वर्गाची कल्पनाच जणूं पुसली गेली होती. त्या काळांत तिनें विश्वासांगिकार आपल्या रक्तानें लिहिला व तो हृदयाशीं बाळगिला. श्रद्धाहीन लोकांच्या पंक्तीस आपण बसलों आहों, असें समजून ती त्यांच्यासाठीं प्रार्थना करीत राहिली. दुसरें नांव कलकत्त्याच्या संत मदर तेरेजा यांचें. दरिद्रांच्या सेवेस त्यांनीं आरंभ केला, त्याच सुमारास त्यांच्या अंतःकरणांत अंधार पडला, आणि १९५८ मधील अल्प काळ सोडल्यास तो जवळजवळ पन्नास वर्षें, १९९७ सालीं त्यांचें देहावसान होईपर्यंत टिकला. जगास हें कळलें तें २००७ सालीं, त्यांचीं खाजगी पत्रें छापलीं गेलीं तेव्हां. पुष्कळांस धक्का बसला. आम्हांस मात्र त्यांतून मोठा दिलासा मिळाला. रस्त्यावर मरणाऱ्यास उचलणारे ते हात आंतून गोडी वाटत होती म्हणून चालत नव्हते. गोडी नसतांनाही चालत होते. २०१६ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संत म्हणून घोषित केलें, तें ही पत्रें ठाऊक असूनच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. श्रद्धा व श्रद्धेचा अनुभव या दोन वस्तु आहेत. अनुभव हा देवाचा प्रसाद होय. तो मिळतो, न मिळतो. श्रद्धा ही मनुष्यानें दिलेल्या वचनासारखी आहे. विवाहाच्या दिवशीं दिलेलें वचन प्रत्येक सकाळीं सारखेंच गोड लागतें असें कोणता संसारी मनुष्य म्हणेल? तरी तो तें पाळितो, आणि पाळल्यानेंच घर उभें राहतें.

कोणी म्हणेल, देव खरोखर असता तर त्यानें आपल्या लोकांस असें अंधारांत कां ठेविलें असतें? या "कां"चें पुरें उत्तर आमच्यापाशीं नाहीं, आणि ज्यांच्यापाशीं तें तयार असतें त्यांच्यापासून दुःखितांनीं दूरच राहावें. आम्हांस ठाऊक आहे तें इतकेंच, कीं हा प्रश्न स्वतः प्रभु येशूनें विचारिला आहे. पित्यानें आपणांस कां सोडिलें, असें त्यानें क्रुसावरून स्तोत्रकर्त्याच्याच शब्दांत विचारिलें, आणि त्या घटकेस आकाशांतून उत्तर आलें नाहीं. ज्या धर्माच्या संस्थापकानें हा प्रश्न मोठ्यानें विचारिला, त्या धर्मांत तो विचारणें हें पाप कसें ठरेल? मात्र त्यानें तो प्रश्न पित्यासच विचारिला, पाठ फिरवून दुसऱ्या कोणास नव्हे. तक्रारही प्रार्थनेच्या रूपानें केली.

आपल्या उपासनेंतही या मौनास जागा ठेविलेली आहे, हें आपण दरवर्षीं पाहतों. पवित्र गुरुवारीं गौरवगीत झालें कीं घंटा गप्प होतात, त्या पुनरुत्थानाच्या जागरणांत गौरवगीत होईपर्यंत. मधल्या वेळांत लांकडी खुळखुळा वाजतो, वेदी उघडी पडते, पवित्र पेटी रिकामी असते. शनिवारीं दिवसभर मिस्सा नसते. ख्रिस्तसभा आपल्या मुलांस दरवर्षीं जणूं थोडा सराव देते, कीं देव बोलत नाहीं असा एक दिवस असतो आणि त्या दिवशींही आपण त्याचेच असतों. वसईचा शनिवार ऐशीं वर्षें चालला, नागासाकीचा दोनशें वर्षांवर. त्या शनिवारच्या पोटीं रविवार होता, हें त्या मधल्या पिढ्यांस दिसलें नाहीं.

कृष्णाकांठच्या आपणांसही हे शनिवार अनोळखी नाहींत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां निजलेलीं माणसें घरांखालीं गाडलीं गेलीं. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णा ५७ फुटांवर चढली; ब्रह्मनाळ येथें सुटकेस निघालेली नावच उलटली. २०२१ च्या जुलैंत पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव या वस्त्यांवर डोंगर कोसळला. त्याआधीं २०२० च्या मार्चांत साथीमुळें मंदिरांचीं दारें बंद झालीं. त्या वर्षीं ईस्टरची मिस्सा रिकाम्या बांकांसमोर झाली, आणि कित्येकांस आपल्या माणसाचें शेवटचें तोंडही पाहतां आलें नाहीं. या संकटांनीं हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद केला नाहीं. तेव्हां "आम्हां ख्रिस्ती लोकांस देवानें कां वांचविलें नाहीं" असें विचारतांना शेजाऱ्याच्या पडलेल्या भिंतीकडेही पाहावें. क्रूस हें इतरांहून निराळी सुरक्षितता मिळण्याचें आश्वासन नव्हे. देव त्या पाण्यांत आपल्याबरोबर उतरला आहे, याची ती खूण होय.

मग देव जवळ वाटत नसतां काय करावें? वर सांगितलेल्या लोकांनीं जें केलें, त्यांतून तीन गोष्टी आम्हांस दिसतात. पहिली ही, कीं प्रार्थनेचे शब्द सोडूं नयेत. मन लागत नसेल तर पाठ असलेले शब्दच म्हणावे. ते शब्द आपल्या आधीं पुष्कळांनीं कोरड्या तोंडानें म्हटले आहेत. ते वजन पेलण्यास समर्थ आहेत. दुसरी ही, कीं प्रीतीचें काम थांबवूं नये. दिव्यांत तेल आहे कीं नाहीं हें कळत नसलें तरी आजाऱ्याची विचारपूस, भुकेल्यास घांस, हीं कामें करतां येतातच. तिसरी ही, कीं एकटें राहूं नये. नागासाकीच्या लोकांत एकानें पंचांग सांभाळिलें, दुसऱ्यानें बाप्तिस्मा दिला. एकाच माणसानें सारी श्रद्धा वाहिली नाहीं.

या तिसऱ्या गोष्टीविषयीं, जे नियमानें मंदिरांत येतात त्यांस आमचें कळकळीचें सांगणें आहे. शुभवर्तमानांत एका पक्षाघाती मनुष्याची कथा आहे. त्यास स्वतः चालतां येत नव्हतें; चौघांनीं त्यास उचललें, छप्पर उघडून प्रभूच्या पायांशीं सोडिलें, आणि प्रभूनें त्या उचलणाऱ्यांची श्रद्धा पाहिली. आपल्या धर्मग्रामांत आज अशीं माणसें आहेत, कीं ज्यांस दुःखामुळें स्वतःच्या पायांनीं येतां येत नाहीं. त्यांच्याविषयीं "हे पडले" असें चारचौघांत बोलूं नये. त्यांच्या घरीं जावें. उपदेश करूं नये, देवाच्या वतीनें खुलासेही देऊं नयेत. जवळ बसावें, चहा घ्यावा, आणि त्यांस म्हणतां येत नसलेली प्रार्थना आपल्या घरीं त्यांच्या नांवानें म्हणावी. कांहीं काळ एकाची श्रद्धा दुसऱ्यानें वाहणें, यालाच धर्मग्राम म्हणतात.

आणि जे असे दूर बसले आहेत, त्यांच्या हातीं ही पुस्तिका कोणी ठेविली तर त्यांनीं एवढें जाणावें. मेणवलीच्या घंटेवर मरीयेची व बाळाची आकृति ओतलेली आहे. घंटा घाट चढली, नदीकांठीं आली, पाऊणतीनशें वर्षांवर दुसऱ्या देवालयाजवळ राहिली, तरी ती आकृति पुसली गेली नाहीं, कारण ती वरून रंगविलेली नव्हती. बाप्तिस्म्याचा शिक्काही तसाच आहे, असें ख्रिस्तसभा शिकविते. आपणांस देवाची ओळख वाटेनाशी झाली, म्हणून त्याची आपली ओळख मोडत नाहीं.

ज्या वसईंत १७३९ सालीं सर्व संपलें असें वाटलें, ती १९९८ सालीं स्वतंत्र धर्मप्रांत झाली. तेथील लोकांनीं मराठीस बायबलचा अनुवाद करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो दिले, आणि २०२० सालीं ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे वसईच्याच मातींतले. २००९ सालीं त्यांची नेमणूक पुणें धर्मप्रांतावर झाली, आणि ते सातारा-सांगलीच्या श्रद्धाळूंचे मेंढपाळ झाले. जेथून युद्धाच्या लुटींत घंटा आल्या, तेथूनच शांतीच्या काळीं मेंढपाळ आला. ज्या आजीनें घंटा गेल्यावरही संध्याकाळीं जपमाळ हातीं घेतली, तिला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. तिनें फक्त त्या दिवशींची जपमाळ पुरी केली.

ज्युबिलीच्या या वर्षीं प्रभु आपणां सर्वांस तेवढीच शक्ति देवो: आजची प्रार्थना आज पुरी करण्याची. आमेन.